विकायला काढला फ्रीज, आणि पैसे गेले आपलेच: जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन व्यवहारात नेमकं कुठं फसतं आणि काय करायचं

‘दादा, पैसे यायचे होते, गेले कसे?’

कोल्हापुरात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा जॅक, जोडीला जुन्या फोनची घेणी-देणी. पण महिन्यातून दोनतीनदा असं गिऱ्हाईक येतं की ज्याच्या फोनला काहीच झालेलं नसतं. फोन काउंटरवर ठेवतं, आवाज खाली आणतं आणि वरचा प्रश्न विचारतं. कुणी सोफा विकायला काढलेला असतो, कुणी पोराची सायकल, कुणी स्वस्तातली गाडी बघितलेली असते. अडाणी माणसं नसतात ही. मागं कॉलेजातले एक प्राध्यापक येऊन गेले, आणि त्यांच्या आधी माझी सख्खी वहिनी.

प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

पैसे आत्ताच गेले असतील तर

बाकीचं नंतर वाचा, आधी १९३० लावा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा हा सरकारी हेल्पलाइन नंबर. पूर्वी तो १५५२६० होता, जुन्या पत्रकांवर अजून तोच दिसतो, आता १९३०.

घाई कशासाठी, ते सांगतो. तुमचे पैसे भामट्याच्या स्वतःच्या खात्यात सहसा जातच नाहीत. कुणा गरजवंताला चार पैसे देऊन त्याचं खातं वापरायला घेतलेलं असतं, त्यात जातात. तिथून फुटून आणखी दोनचार खात्यांत, आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून रोख बाहेर. १९३० वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडं जाते आणि पैसे वाटेत ज्या खात्यात असतील तिथं अडवायचा प्रयत्न होतो. एटीएममधून बाहेर पडलेली नोट कोण अडवणार? ‘उद्या सकाळी बँकेत जाऊन बघू’ हे म्हणून तर महागात पडतं.

फोन करताना एवढं हाताशी असू द्या: बारा आकडी यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक; ॲपच्या हिस्ट्रीत त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो), रक्कम, वेळ, तुमची बँक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर. लाइन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा आणि मिळालेला क्रमांक लिहून ठेवा. मग बँकेत लेखी तक्रार, शिक्का मारलेली प्रत आपल्याकडं. चॅट पुसू नका. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा, लोक पहिलं काम हेच करतात. मग पोलिसांना दाखवायला उरतं काय?

बँकेला लगेच कळवण्याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्याच निष्काळजीपणानं पिन किंवा ओटीपी बाहेर गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुमच्या तक्रारीवरची वेळ हाच तुमचा पुरावा.

आणि हो, गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला जाऊ नका. तिथं सापडणाऱ्या नंबरांत भामट्यांचेच नंबर पेरलेले असतात, आणि ‘रिफंड करून देतो’ म्हणत ते फोनचा स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतात. एकदा लुबाडलेला माणूस तासाभरात पुन्हा लुबाडला गेलेला मी माझ्या काउंटरवर बघितलाय.

दावं कधी सोडायचं

इतकी प्रकरणं बघून माझं एक मत झालंय. वडगावच्या जनावरांच्या बाजारात जाऊन बघा. भाव रुमालाखाली बोटं धरून ठरू दे, नाहीतर मोठमोठ्यानं भांडून. पण घेणारा, बैल आणि पैसे हे तिन्ही एका जागी, एका वेळी असतात. पैसे मोजून होतात आणि मगच दावं एका हातातून दुसऱ्या हातात जातं. मोबाइलवरच्या व्यवहारात फसवणूक करणाऱ्याला एवढंच करायचं असतं: या तिघांपैकी एकाला बाजूला काढायचं. माणूस ‘बॉर्डरवर’ असतो, वस्तू ‘कुरिअरमध्ये’ असते किंवा पैसे ‘येतायत’ असतात. खालची सगळी प्रकरणं याच मापानं मोजून बघा.

घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

वहिनीनं फ्रीज काढला होता. किंमत लावली ८,५००. जाहिरात टाकून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर फोन. हिंदीत, अगदी अदबीनं: ‘मॅडम, फ्रिज पसंद आ गया, फायनल कर दीजिए.’ खरं तर तिथंच फोन ठेवायला हवा होता. कोल्हापुरात साडेआठ सांगितल्यावर साडेआठच देतो म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. फ्रीज किती लिटरचा, दार कुठल्या बाजूला उघडतं, गॅस भरलाय का, काही विचारणं नाही.

साहेब सैन्यात होते म्हणे. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो आला, ओळखपत्र आलं, कॅन्टीनचं कार्डसुद्धा आलं. बदली झालीय, वेळ नाही, माणूस टेम्पो घेऊन येईल, पैसे आत्ताच टाकतो. आमच्या भागात घराघरातून पोरं सैन्यात आहेत. वर्दी बघितली की आपण नरमतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कुठलाही जवान फ्रीज विकत घ्यायला अनोळखी बाईला आपलं ओळखपत्र पाठवत बसत नाही. ती कार्डं आधी फसलेल्या कुणा खऱ्या जवानाची तरी असतात, नाहीतर बनावट.

मग आला क्यूआर कोड. ‘आधी पाच रुपयांचा टेस्ट करू.’ वहिनीनं स्कॅन केला, पिन टाकला, पाच गेले. लगेच दहा परत आले. ‘देखा मॅडम? आपको डबल मिल गया.’ विश्वास बसला. मग साडेआठ हजारांचा कोड. पिन टाकला, साडेआठ हजार गेले. ‘अरे, सिस्टीममध्ये उलटं झालं. रिव्हर्सचा कोड पाठवतो.’ पुन्हा स्कॅन, पुन्हा पिन. सतरा हजार. घरात सांगितलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर ज्या खात्यात पैसे गेले होते ते रिकामं झालेलं.

तो कोड मी नंतर पेमेंट ॲपऐवजी साध्या स्कॅनरनं उघडून तिला दाखवला. आत एकच ओळ निघाली: सुरुवातीला ‘यूपीआय’ आणि ‘पे’, मग कुणाचातरी यूपीआय आयडी, एक नाव आणि ८५०० हा आकडा. कोडच्या वर हिरव्या ठळक अक्षरांत ‘रिसीव्ह ८,५००’ लिहिलं होतं, ते नुसतं चित्र. लग्नाच्या पत्रिकेवर गणपती छापतात तसं. तुमचं ॲप ते वाचत नाही, ते आतली ‘पे’वाली ओळ वाचतं. पिन टाकायच्या पानावर रक्कम आणि समोरच्याचं नाव लिहिलेलं असतं, पण त्या क्षणी फोन कानाला असतो, तिकडून बोलणं चालू असतं आणि नजर फक्त पिनच्या चौकोनांवर असते. म्हणून ते फोन ठेवू देत नाहीत.

हे एकदा डोक्यात पक्कं बसवा: यूपीआय पिन लागतो तो पैसे पाठवायला, शिल्लक बघायला आणि ऑटोपेसारखी परवानगी द्यायला. पैसे घ्यायला तो लागत नाही, आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. स्कॅन वस्तू घेणाऱ्यानं करायचा, आणि तोही तुमच्या दारात उभं राहून, तुमचा कोड.

काही जण म्हणतात, आता हे बंद झालंय. अर्धवट खरं आहे. एकानं दुसऱ्याकडं पैशांची मागणी पाठवायची यूपीआयमधली सोय, जिच्यावर लोक चुकून ‘पे’ दाबायचे, ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. व्यापाऱ्यांना मात्र अशी मागणी अजून पाठवता येते, आणि क्यूआर कोड तर आहेच. दुसरा एक बदल आपल्या कामाचा आहे. जून २०२५ अखेरपासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव ॲपला दाखवावं लागतं. स्वतः ठेवलेलं टोपणनाव चालत नाही. फोनवर ‘कॅप्टन’ आणि स्क्रीनवर भलत्याच बाईचं नाव असेल, तर मागं फिरायला अजून वेळ आहे.

मेसेज आला, पैसे नाहीत

दोन प्रकार आहेत. पहिला समोरासमोरचा. गिऱ्हाईक दारात येतं, वस्तू बघतं, पैसे टाकल्यासारखं करतं आणि हिरवी टिक दाखवतं. ‘टिंग’ असा आवाजही येतो. पेमेंट ॲपची हुबेहूब नक्कल करणारी खोटी ॲप फिरतात. त्यांत रक्कम आणि नाव टाकलं की ‘यशस्वी’चं पान उमटतं. समोरच्याच्या स्क्रीनवर काय दिसतंय याच्याशी आपला संबंधच नाही. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढली का, एवढंच बघायचं. ‘सर्व्हर डाउन आहे, पेंडिंग दाखवतंय, येतील दहा मिनिटांत’ म्हणाला तर म्हणायचं, थांबूया दहा मिनिटं, चहा घ्या. आणि खरंच अडकले असतील तर त्याचं काही बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे त्याच्या खात्यातून कापले गेलेले आणि तुमच्याकडं न पोचलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला परत जायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तुम्हाला न मिळालेल्या पैशांवर वस्तू सोडायचं कारण नाही.

दुसरा प्रकार फोनवरचा. खात्यात १५,००० जमा झाल्याचा मेसेज येतो, पाठोपाठ रडवेला आवाज: ‘काका, १,५०० ॲडव्हान्स टाकायचा होता, एक शून्य जास्त पडलं, आई दवाखान्यात आहे, बाकीचे परत टाका.’ मेसेज नीट बघा. बँकेचा मेसेज तिच्या ठरलेल्या इंग्रजी अक्षरांच्या नावानं येतो, आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर जोडलेलं असतं. भामट्याचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. शिल्लक बघेपर्यंत एक रुपयाही हलवू नका. आणि समजा, खरोखरच कुणाचे पैसे चुकून आले असतील, तरी ते फोनवरच्या माणसानं सांगितलेल्या नंबरावर पाठवायचे नाहीत. त्याला त्याच्या बँकेत तक्रार करायला सांगा आणि तुम्ही आपल्या बँकेला कळवा.

पोलो नव्वद हजारांत, तीही एअरपोर्टवर

विकणाऱ्याचं झालं, आता घेणाऱ्याचं. जाहिरातीत चकचकीत गाडी, भाव बाजारापेक्षा निम्मा. मालक एअरपोर्टच्या सुरक्षेत, बदली लांबची, गाडी न्यायची परवानगी नाही. आरसी बुक पाठवतो, ओळखपत्र पाठवतो, ‘आर्मी पार्सल’ची पावतीसुद्धा पाठवतो. आधी वाहतुकीचे दोनतीन हजार. ते भरले की गेटपास. मग ‘परत मिळणारा’ जीएसटी. मग ड्रायव्हर हायवेवर अडकलाय, विमा भरा. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा मोठी, आणि प्रत्येक वेळी हेच ऐकू येतं की एवढं भरलं की गाडी दारात.

आमच्याकडं आलेल्या एका पोरानं असे सहा हप्ते भरले होते. पहिल्यालाच शंका आली होती, असं तो स्वतःच म्हणाला. ‘मग का भरले?’ तर म्हणे, ‘आधीचे बुडू नयेत म्हणून.’ सगळा सापळा या वाक्यावर उभा आहे. न बघितलेल्या वस्तूसाठी पहिला रुपया गेला की पुढचे आपोआप ओढले जातात. जुनी वस्तू न बघता घ्यायची नाही, आणि टोकन द्यायचं नाही. भाड्याच्या फ्लॅटलाही हेच लागू. पुण्यात पोरांना खोली शोधताना ‘सोसायटीचा गेटपास काढायला’ पैसे मागतात, तो याचाच भाऊ.

‘त्याच्याशी पैशाचं बोलू नका’

हे प्रकरण माझ्या दुकानातच घडलं आणि अजून डोक्यातून जात नाही, कारण यात दोन्ही माणसं सरळ होती.

कागलच्या एका पोरानं आपला फोन ३२,००० ला विकायला काढला होता. तिसऱ्याच कुणीतरी त्याच्या जाहिरातीतले फोटो उचलले आणि तोच फोन २१,००० ला टाकला. इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक गळाला लागलं. मग या तिसऱ्यानं दोन फोन केले. कागलच्या पोराला सांगितलं: ‘बत्तीस मंजूर. माझा मेहुणा फोन बघायला येईल. त्याचं माझ्याकडं देणं आहे, त्यातून वळते करतोय, तर त्याच्याशी पैशाचं काही बोलू नका. त्यानं हो म्हटलं की मी तुम्हाला टाकतो.’ इचलकरंजीच्या माणसाला सांगितलं: ‘फोन माझ्या चुलतभावाकडं आहे. घरात वाटणीवरून भानगड चालू आहे, त्याला किंमत सांगू नका. पसंत पडला की माझ्याच खात्यावर टाका.’

दोघं माझ्या दुकानात भेटले, कारण घेणाऱ्याला फोन तपासून हवा होता. मी तपासला. बॅटरी ठीक, डिस्प्ले ओरिजिनल. दोघं शेजारीशेजारी स्टुलावर बसलेले, पावसापाण्याच्या गप्पा चाललेल्या, आणि दोघांपैकी एकानंही पैशाचा ‘प’ काढला नाही. मलाही विचित्र वाटलं नाही, हे कबूल करतो. घेणाऱ्यानं २१,००० टाकले, फोन उचलला. कागलचा पोरगा म्हणाला, ‘थांबा, माझे पैसे आले नाहीत.’ पुढची पंधरा मिनिटं दोघं एकमेकांना चोर म्हणत होते. तिसऱ्याचा फोन बंद. फोन अर्थातच पोराकडं राहिला, आणि इचलकरंजीचा माणूस १९३० वर तक्रार नोंदवून रिकाम्या हातानं गेला.

तेव्हापासून माझ्याकडं कुणी व्यवहार करायला आलं की मी मध्ये पडून मोठ्यानं विचारतो: किंमत किती ठरली? कुणाच्या खात्यावर जाणार? तुम्ही दोघं एकमेकांचे कोण? लोकांना चोंबडेपणा वाटतो. वाटू दे. पैसे ज्याच्या हातात वस्तू आहे त्याच्याच नावाच्या खात्यावर जायला हवेत, आणि ते नाव टाकण्याआधी स्क्रीनवर दिसतंच. ‘त्याच्याशी पैशाचं बोलू नका’ असं फोनवर कुणी म्हणालं तर लगेच त्याच्याशी पैशाचंच बोला.

विकणाऱ्यांसाठी एक युक्ती: फोटो काढताना वस्तूशेजारी हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तारीख, गावाचं नाव आणि मागायची किंमत. असा फोटो चोरून कमी किमतीला टाकणं जड जातं.

जुना फोन घेताना

माझा रोजचा धंदा, तेव्हा यावर दोन शब्द जास्त. डायलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख नंबर येईल. तो बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. मग केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. ब्लॅकलिस्टेड किंवा आधीच वापरात असलेला डुप्लिकेट असं उत्तर आलं तर फोन हातात धरू नका. चोरीला गेलेला फोन मालक सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून बंद करू शकतो. तुमचं सिम त्यात पडलं की माग तुमच्यापर्यंत येतो.

नंबर बरोबर असला तरी फोन कुलपातला असू शकतो. ॲन्ड्रॉइडमधलं जुनं गूगल खातं किंवा आयफोनमधलं ॲपल खातं काढलेलं नसेल तर रीसेटनंतर तो फोन पासवर्ड मागत बसतो आणि तुमच्यासाठी विटेसारखा होतो. म्हणून विकणाऱ्याकडून आपल्यासमोर खातं काढून घ्या, रीसेट करायला लावा, आपलं सिम टाकून होम स्क्रीनपर्यंत स्वतः जाऊन बघा. मग पैसे. हप्त्यावरच्या फोनात आणखी एक भानगड: हप्ता थकला की फोन लॉक करणारं ॲप आत बसवलेलं असतं. फायनान्स कंपनीचं कर्ज फेडल्याचं पत्र मागा. मी स्वतः विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, बिल आणि सही घेतल्याशिवाय कुणाचाही फोन घेत नाही, मग तो गल्लीतला असला तरी.

गाडी

गाडीचं थोडक्यात, कारण तिथं कागदच बोलतात. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, कर्जाचा बोजा आणि विमा बघा. ई-चलन थकलेत का तेही तपासा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल, म्हणजे एमएच-१० ची एमएच-०९ मध्ये आणायची असेल, तर पत्त्याचे आणि ना-हरकतीचे कागद कोणते लागतील ते आरटीओत आधीच विचारून घ्या.

विकणाऱ्यांनी मात्र ‘करून घेईल तो नावावर’ म्हणून गप्प बसू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक. चारपाच हात फिरलेल्या गाडीनं कुणाला ठोकलं, तरी भरपाईसाठी शोधत येतात ते तुम्हाला.

पैसे खरे आले, आणि खातं गोठलं

आता प्राध्यापकांचं. त्यांनी लॅपटॉप विकला ४०,००० ला. माणूस घरी आला, बघितला, पैसे खात्यात आले, त्यांनी बँकेच्या ॲपवर शिल्लकही तपासली. सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे. चौथ्या दिवशी पेट्रोल पंपावर पेमेंट होईना. बँकेत गेले तर कळलं की परराज्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या तक्रारीवरून खात्यावर होल्ड आहे.

झालं होतं असं, की ते चाळीस हजार लॅपटॉप नेणाऱ्याचे नव्हतेच. त्यानं दुसऱ्या कुणाला तरी फसवून, त्या माणसाच्या खात्यातून सरांच्या क्यूआरवर थेट टाकायला लावले होते. त्या बिचाऱ्यानं १९३० लावला, आणि पैशांचा माग सरांच्या दारात आला. म्हणजे वर ज्या नंबरची मी भलामण केली, त्याचाच हा दुसरा चेहरा. लॅपटॉप गेला, पैसे अडकले, आणि पगारही त्याच खात्यात.

हे सोडवायला वेळ लागतो, पण सुटतं. बँकेकडून लेखी घ्या: तक्रारीचा क्रमांक काय, पोलीस ठाणं कुठलं, अडवलेली रक्कम किती. पूर्ण खातं बंद केलं असेल तर फक्त वादातली रक्कम अडवून बाकीचं खुलं करा, असा अर्ज द्या. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्टनं कळवा; सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, लॅपटॉपचं मूळ बिल, नेणाऱ्याचा नंबर, जमल्यास सोसायटीच्या गेटवरचं फुटेज. सरांकडं बिल आणि चॅट दोन्ही होतं म्हणून त्यांचं खातं दीड महिन्यानं उघडलं. चाळीस हजारांवर अजून होल्ड आहे.

हे टाळायला एकच इलाज मला सापडलाय. पैसे जमा झाले की पाठवणाऱ्याचं नाव बघा आणि समोर उभ्या माणसाला नाव विचारा. जुळत नसेल तर ‘मित्राच्या खात्यावरून टाकले’ हे कारण ऐकून घेऊ नका. वस्तू देऊ नका, आणि आलेले पैसे तो सांगेल त्या तिसऱ्या नंबरावरही परत पाठवू नका. ज्या खात्यातून आले तिथंच, बँकेमार्फत. नाव जुळलं तर त्याच्या ओळखपत्राचा फोटो आणि एका ओळीची पावती: अमुक वस्तू, अमुक नंबर, इतक्याला, इतक्या तारखेला विकली. सही. मोठी रक्कम असेल तर मी थेट बँकेत काउंटरवरच भेटायला सांगतो. खोटा माणूस बँकेत यायला कधीच मोकळा नसतो.

वहिनीचा फ्रीज शेवटी दिवाळीच्या आधी गेला. उचगावचं एक जोडपं टेम्पो घेऊनच आलं. त्या बाईनं दार चार वेळा उघडझाप करून बघितलं, रबर दाबून बघितलं, मागची जाळी बघितली, बर्फाचा कप्पा तुटलाय म्हणून पाचशे कमी करायला लावले आणि आणखी दोनशे मागत राहिली. वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, ‘भाऊजी, ही खरी आहे.’ शेवटी सहा हजारांवर सौदा ठरला. नोटा दोघींनी मोजल्या, आणि मग टेम्पोवाल्यानं फ्रीजला दोरी बांधली.